दार ओलांडेपर्यंत

माझ्या धाकट्या दिरांना त्यांच्या दुकानात सगळे 'गिऱ्हाईक' म्हणतात. दुकान चार मजली, तयार कपड्यांचं. तिथं ते पंचवीसेक वर्षं नोकरीला आहेत आणि त्यांची नोकरी म्हणजे गिऱ्हाईक असल्याचं सोंग आणणं. अंगात साधा शर्ट, हातात दुकानाचीच टोपली, टोपलीत मोज्यांची एक जोडी. ते मोजे त्यांनी कधी विकत घेतले नाहीत. एक जोडी हाताळून मळकट दिसायला लागली की दुसरी उचलायची. दिवसभर या मजल्यावरून त्या मजल्यावर हिंडायचं, टांगलेल्या कपड्यांवरून हात फिरवायचा, किमतीची चिठ्ठी उलटून बघायची, नाक मुरडायचं आणि पुढे जायचं.

"गिऱ्हाईक मालाकडे बघतं, वहिनी," ते मला सांगतात. "चोर माणसांकडे बघतो."

"आणि तुम्ही कोणाकडे बघता?"

"माणसांकडे."

"म्हणजे तुम्ही चोर."

हा विनोद आमच्यात इतक्यांदा झाला आहे की आता त्यावर कुणी हसत नाही. पण झाला नाही तर चहात साखर कमी पडल्यासारखं वाटतं.

माझे यजमान गेले, पुढे काही वर्षांनी जाऊबाई गेल्या. तेव्हापासून मी खालच्या मजल्यावर, भाऊजी वरच्या, आणि स्वयंपाक एकच, माझ्याकडे. जेवायला बसताना ते दाराकडे तोंड करून बसतात. पाठीमागे भिंत लागते. मी नवीन पडदे आणले तर "छान आहेत" म्हणायच्या आधी "पावती आहे ना?" विचारतात. दूधवाल्यानं पिशवी रोज डावीकडे ठेवायची ती एके दिवशी उजवीकडे ठेवली, तर भाऊजी जिन्यात उभे राहून तिच्याकडे असे बघत होते, जणू पिशवीच कबुलीजबाब देणार आहे.

संशयाच्या बाबतीत मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. मी नन्सच्या शाळेत शिकले. आमच्या मुख्य सिस्टर रबरी तळव्यांचे बूट घालत आणि कमरेच्या किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरून चालत. वर्गात कुजबुज चालू असताना त्या मागच्या बाकापाशी कधी येऊन उभ्या राहत ते कळत नसे. तेव्हापासून शांतता पसरली की माझ्या मनात पाल चुकचुकते. भाऊजींचं आणि माझं जमतं ते बहुधा त्यामुळेच. पण माझा संशय मनातल्या मनात राहतो, त्यांचा मात्र पगारी आहे, आणि पगारी संशयाला नियम असतात.

त्यांच्या धंद्यातला पहिला नियम असा: माणसानं वस्तू पिशवीत टाकली म्हणून तो चोर होत नाही. पैसे न देता दुकानाचं दार ओलांडलं की होतो. तोवर त्याला मन बदलायची, वस्तू परत ठेवायची मुभा असते. त्यामुळे आत कुणाला हटकायचं नाही. नुसतं बघायचं. तो दाराकडे निघाला की आपणही निघायचं, त्याला बाहेर पडू द्यायचं, आणि मग मागून जाऊन हळू आवाजात म्हणायचं, "जरा बाजूला येता का?" आवाज चढवायचा नाही, 'चोर' हा शब्द उच्चारायचा नाही. पिशवीत काही निघालं नाही तर, "माफ करा, गैरसमज झाला. सहकार्याबद्दल आभार." भाऊजींना ही वाक्यं झोपेतसुद्धा म्हणता येतील.

त्यांना एकच मुलगा. त्याला आम्ही विझव्या म्हणतो. लहानपणी ज्या खोलीतून बाहेर पडेल त्या खोलीतला दिवा विझवायचा. आत माणसं बसलेली असोत, जेवत असोत, त्याचं त्याला काही नाही. मी एकदा आंघोळीला गेले असताना न्हाणीघरातला दिवा बाहेरून विझवला होता, तेव्हा मी त्याच्यावर साबण फेकला होता. पुढे तो मोठा झाला, पण सवय गेली नाही.

विझव्या शाळेत असताना घरात एक व्हिडिओ गेम आला. त्याचं खरं नाव मोठं आणि इंग्रजी होतं, आम्ही सगळे 'सावलीचा खेळ' म्हणायचो. टीव्हीच्या पडद्यावर एक माणूस अंधारात भिंतीला धरून चालतो. त्याला कुठल्यातरी वाड्यातून, कचेरीतून, गोदामातून एखादी वस्तू उचलून आणायची असते. मारामारी नाही, गोळ्या नाहीत. पहारेकऱ्यांच्या नजरेला पडायचं नाही, पाऊल वाजू द्यायचं नाही, एवढंच. दिसलात की खेळ खलास. खेळायचा एकट्यानं, पण आमच्याकडे तो दोघं मिळून खेळत. कंट्रोलर विझव्याच्या हातात, आणि भाऊजी मागच्या खुर्चीत.

"थांब. आता हा वळणार."

"कशावरून, बाबा?"

"मान बघ त्याची. वळायच्या आधी मान जाते."

"अहो, तो खरा माणूस नाही."

"म्हणूनच सांगतोय. खरा असता तर कंटाळला असता. हा एकदाही जांभई देत नाही. खऱ्या पहारेकऱ्याला जांभया येतात, तेवढ्यात निघायचं असतं."

जाऊबाई आतून ओरडायच्या, "बापानं दिवसभर चोर पकडायचे आणि संध्याकाळी पोराला चोरी शिकवायची! काय घर आहे!" पण त्यांच्या आवाजात हसू असे. त्यांच्या आजारपणात, शेवटच्या महिन्यांत, तो खेळ त्यांच्याच खोलीत चालायचा. त्या पडल्या पडल्या बघायच्या. विझव्या गरज नसतानाही वाटेतला एकन् एक दिवा विझवत पुढे जायचा, आणि त्या म्हणायच्या, "इथं पण तेच!"

त्या गेल्यावर खेळ बंद पडला. आणि मग घड्याळाची गोष्ट घडली.

जाऊबाईंचं मनगटी घड्याळ होतं, चांदीच्या पट्ट्याचं. ते त्यांच्या आरशाच्या टेबलात, डबीत असायचं. विझव्याला दुसऱ्या शहरात उंच इमारतींना काचा बसवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. ज्या दिवशी तो निघणार होता त्याच दिवशी सकाळी भाऊजींनी खण उघडला आणि डबी रिकामी. त्याच खोलीत विझव्या बॅग भरत होता.

भाऊजींनी काय केलं? काही नाही. खण लावला. वर्तमानपत्र घेऊन समोरच्या खुर्चीत बसले. विझव्या कपडे घड्या करून ठेवत होता, गप्पा मारत होता, चार्जर शोधत होता, आणि हे पेपरच्या वरून बघत होते. बॅगेची चेन लागली. "येतो, बाबा," तो म्हणाला. "ये," हे म्हणाले.

मी खालून त्याच्यासाठी डबा घेऊन जिना चढत होते, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांसमोर झालं. विझव्यानं उंबरा ओलांडला, दोन पायऱ्या उतरला, आणि मागून आवाज आला. घरातला नव्हे, दुकानातला.

"जरा बाजूला येता का?"

विझव्या हसला. लहानपणी त्यांच्यात हा खेळ चाले. पोरगं स्वयंपाकघरातून खाऊ घेऊन पळालं की बाप दारात धरून असं म्हणायचा. हसत हसतच तो वळला आणि त्यानं बापाचं तोंड पाहिलं. मग त्याचं हसू कुठं गेलं ते मला कळलं नाही. त्यानं बॅग पायरीवर ठेवली. स्वतःच्या हातानं उघडली. एकेक शर्ट, एकेक चड्डी काढून पायऱ्यांवर मांडली. समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरीणबाईंचं दार बोटभर उघडलेलं होतं. घड्याळ निघालं नाही.

आणि भाऊजी, देवा रे, सवयीनं म्हणाले, "माफ करा, गैरसमज झाला. सहकार्याबद्दल आभार."

विझव्यानं बॅग भरली आणि निघून गेला. डबा माझ्या हातात तसाच राहिला. बापाला म्हणाल तर त्यानंतर एक शब्द नाही, एक फोन नाही. माझ्याशी मात्र तो रविवारी बोलायचा.

मी पुढे भाऊजींना विचारलं होतं, "संशय आला तर आला. घरात असतानाच का नाही विचारलंत? तुमचाच मुलगा ना?"

"आत कसं विचारणार, वहिनी?" त्यांना माझाच प्रश्न विचित्र वाटला. "आत होता तोवर त्याला परत ठेवायची संधी होती. मी ती दिली त्याला. अर्धा तास दिली."

त्यांच्या लेखी ती माया होती. तिकडे फोनवर विझव्या म्हणायचा, "बॅग तपासली त्याचं काही नाही गं, काकू. पण समोर पेपर धरून बसले. 'येतो' म्हटलं, तर 'ये' म्हणाले. तो 'ये' विसरता येत नाही मला."

घड्याळ काही सापडलं नाही. भाऊजींनी टेबल ओढून पाहिलं, गाद्या उसवायच्याच बाकी ठेवल्या. आणि मी एकदा म्हटलं, "बघा, त्याच्याकडे नव्हतं," तर खालच्या मानेनं म्हणाले, "बॅगेत नव्हतं. खिसे राहिले." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, हे पाणीसुद्धा गाळून, उकळून, पुन्हा फुंकून पिणारे.

अशी तीनेक वर्षं गेली. मग एका रविवारी विझव्या फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "काकू, वर सांग, दुसरा भाग येतोय."

"कशाचा?"

"तू सांग. त्यांना कळेल. आणि म्हणावं, या वेळी ऑनलाइन आहे. एकानं चोर व्हायचं, एकानं पहारेकरी. आपापल्या घरून. मी चोर होऊन खेळणार आहे."

"म्हणजे त्यांच्याशी?"

"मी खेळणार आहे एवढंच सांग."

मी निरोप वर पोचवला. भाऊजी मोजे वाळत घालत होते. मोज्यांशी त्यांचं जन्मोजन्मीचं नातं असावं. ऐकून त्यांनी चिमटा तोंडातून काढला.

"का?" ते म्हणाले.

"का म्हणजे?"

"आत्ताच का? त्याला काय हवंय?"

"तुमच्याशी खेळायचं असेल."

"तीन वर्षांनी? काहीतरी आहे यात." चिमटा पुन्हा तोंडात गेला.

पण त्या दिवसापासून त्यांची वाट बघणं सुरू झालं. असं वाट बघणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. लोक एखाद्या गोष्टीची वाट बघतात तेव्हा खूश असतात. हे पाळत ठेवत होते. खेळ बनवणाऱ्या कंपनीनं जाहिरातीची एक छोटी फिल्म टाकली होती. भाऊजी ती दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघावं तशी थांबवून थांबवून बघत. "हा बघा, वहिनी. या खांबामागे गेला आणि त्या खांबामागून निघाला. मधला कुठं आहे? खोटं आहे हे." तारीख जाहीर झाली, मग पुढे ढकलली. "बघा. लपवतायत काहीतरी." पुन्हा ढकलली. "मला माहीतच होतं." लोक काय लिहितात ते वाचत. कुणी लिहिलं की ऑनलाइन खेळात लबाडी फार, काहींना भिंतीपलीकडचं दिसतं, तर भाऊजी जेवता जेवता थांबून म्हणाले, "भिंतीपलीकडचं दिसत असेल, तर मग पहाऱ्याला काय अर्थ आहे?"

माझ्या शंका वेगळ्या होत्या. ऑनलाइन म्हणजे समोर कोण आहे ते कसं कळणार? नावाच्या जागी काहीही लिहिता येतं म्हणे. कुणी भलताच तिऱ्हाईत पोरगा विझव्या म्हणून आला तर? मी हे बोलले, आणि बोलायला नको होतं असं लगेच वाटलं, कारण भाऊजींच्या डोळ्यांत ती शंका अशी जाऊन बसली की पुन्हा उठेना.

"ओळखायचा कसा?" ते दर दोन दिवसांनी विचारायचे.

"आवाज ऐकाल ना."

"आवाज काढता येतात."

त्यांनी हेडफोन आणले आणि दुसऱ्याच दिवशी परत केले. दोन्ही कान झाकले तर घरात मागून कोण आलं ते कसं कळणार? टीव्हीचाच आवाज बरा. नेटची वायर जोडायला केबलवाला आला तेव्हा हे त्याच्या मागे इतके चिकटून उभे होते की तो म्हणाला, "काका, तुम्हीच जोडता का?" सराव म्हणून जुना खेळ पुन्हा काढला. तो मी पाहिला आणि हसून हसून मला ठसका लागला. भाऊजींचा चोर अंधारातून जायचाच नाही. दिव्याखालून, मधोमध, रमत गमत, एखाद्या फुलदाणीपाशी थांबून तिची किंमत बघितल्यासारखं करत चालायचा. पहारेकरी धावून आले की भाऊजी चिडायचे, "याला काय झालं? मी बघायला आलोय नुसता!"

"अहो, तुम्ही चोर आहात!"

"तेच जमत नाही," ते म्हणाले आणि कंट्रोलर बाजूला ठेवला. मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "त्यानं चोर व्हायचं म्हटलंय ना?"

"हो."

"मुद्दाम म्हटलं असेल. मला टोचायला."

त्या आवाजात मला प्रथमच भीती ऐकू आली. खेळ कसा निघतो, कंपनी फसवते की काय, भिंती पारदर्शक आहेत की काय, या सगळ्याच्या खाली एकच गोष्ट होती. या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला आपला मुलगा परत मिळवायची एवढी एकच फट दिसली होती, आणि त्या फटीवरही त्याचा विश्वास बसत नव्हता.

खेळ बाजारात यायच्या आधी कंपनीनं एका शनिवार-रविवारी काही लोकांना तो फुकट खेळून बघायला दिला. विझव्यानं कुठूनसा त्यासाठी लागणारा आकडा मिळवला आणि माझ्या फोनवर पाठवला. मी तो वर वाचून दाखवला, भाऊजींनी तीन वेळा पडताळून पाहिला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही टीव्हीसमोर बसलो. त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली, मी पलंगाच्या कडेला.

पडद्यावर एक मोठं संग्रहालय होतं. दालनं, खांब, काचेची कपाटं, भिंतींवर दिवे. भाऊजी पहारेकरी. समोरून कोण येणार त्याचं नाव कोपऱ्यात लिहून आलं: नुसता एक आकडा आणि दोन अक्षरं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. चोरानं दुसऱ्या मजल्यावरची छोटी मूर्ती उचलायची आणि मुख्य दारातून बाहेर जायचं. दाराबाहेर पायऱ्या, पायऱ्यांखाली फाटक. फाटक ओलांडलं की चोर जिंकला. पहारेकऱ्यानं त्याआधी कुठंही, आत किंवा पायऱ्यांवर, त्याच्या खांद्यावर हात ठेवला की पहारेकरी जिंकला. खेळाडूंना एकमेकांशी बोलता येत होतं, पण पलीकडून श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"तो नाहीये हा," भाऊजी पुटपुटले. "तो असता तर बोलला असता."

"तुम्ही तरी कुठं बोलताय?"

भाऊजी चालायला लागले, आणि काय सांगू, पडद्यावरचा पहारेकरी त्यांच्यासारखाच चालायला लागला. घाई नाही. या दालनातून त्या दालनात, कपाटापाशी क्षणभर थांबून, जसा काही फेरफटका. वरच्या मजल्यावर दूर एक दिवा विझला. भाऊजींचे अंगठे थांबले. थोड्या वेळानं त्याच्या पुढचा विझला, जिथं चोराला जायची काही गरज नव्हती, एका बंद खोलीच्या दाराशी. मग तिसरा.

"इथं पण तेच," भाऊजी म्हणाले.

जाऊबाईंचे शब्द त्या खोलीत इतक्या वर्षांनी पुन्हा आले होते.

त्यानंतर चोर कुठं आहे ते भाऊजींना सगळं कळत होतं, मला ते त्यांच्या मानेवरून कळत होतं. मूर्ती उचलली गेल्याची खूण पडद्यावर आली. चोर जिना उतरून खांबांच्या सावलीतून मुख्य दाराकडे निघाला. पहारेकरी दारापासून दहा पावलांवर. खांबाआडून चोराच्या बुटाचं टोक दिसत होतं. मलासुद्धा दिसलं म्हणजे बघा. भाऊजींनी त्या टोकाकडे पाहिलं. आणि मग कंट्रोलरवरचा अंगठा हळूच वळवून त्यांनी आपला पहारेकरी भिंतीकडे तोंड करून उभा केला. पाठ दाराकडे.

त्यांना त्याला जाऊ द्यायचं होतं.

पावलं वाजली नाहीत. पडद्याच्या कडेला चोर दारापाशी पोचताना दिसला. आणि तिथंच थांबला. कोपऱ्यातला वेळ सरत होता. दार सताड उघडं, पाठमोरा पहारेकरी, बाहेर मोकळ्या पायऱ्या, आणि उंबऱ्याच्या आत उभा चोर.

टीव्हीतून आवाज आला. "पाहिलंत ना मला?"

भाऊजी दचकले. "कोण बोलतंय?"

"पाहिलंत की नाही?"

"पाहिलं."

"कधी?"

"तिसरा दिवा विझला तेव्हा. खरं म्हणजे दुसरा."

"मग धरलं का नाही?"

"जा म्हणून." भाऊजींनी कोपऱ्यातला सरता वेळ पाहिला. "जा ना. वेळ संपतोय."

"जा म्हणून, की पायऱ्यांवर धरायचं म्हणून?"

खोलीत आम्ही दोघं, आणि वाटत होतं की जिन्यात कुणी शर्ट मांडतंय. मी हळूच म्हटलं, "सांगा त्याला, नाही धरणार म्हणून." त्यांनी मान हलवली. बरोबर होतं त्यांचं. सांगितल्यानं कुणाचा संशय गेला आहे? 'ये' म्हणूनही त्यांनी सांगितलंच होतं.

मग त्यांनी पहारेकऱ्याला वळवलं. लपतछपत नाही, दिव्याखालून, बूट वाजवत, सरळ दाराकडे. चोर हलला नाही. पहारेकरी त्याच्यासमोर आला आणि उंबऱ्याच्या आत, घरातच म्हणा ना, त्यानं चोराच्या खांद्यावर हात ठेवला.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत निकाल आला. पहारेकरी जिंकला.

पलीकडून आवाज आला, "आत धरलंत."

"हो."

"तुमच्या नियमात बसत नाही."

"नाही बसत." भाऊजींनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि टीव्हीकडे नाही, रिकाम्या खणाच्या त्या टेबलाकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी आतच विचारायला हवं होतं. आता विचारतो. आईचं घड्याळ तू घेतलंस का?"

"नाही."

"बरं."

"बसला विश्वास?"

मी मनात म्हटलं, भाऊजी, हो म्हणा. दोन अक्षरं सुद्धा लागत नाहीत, एकच आहे. पण ते विचार करत राहिले. दुकानात पिशवी उघडायच्या आधी करत असतील तसा.

"पूर्ण नाही," ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. आणि मग तिकडून हसण्याचा आवाज आला. आधी नाकातून, मग मोकळा.

"'बसला' म्हणाला असतात ना, बाबा, तर मी बंद करून उठणार होतो. म्हटलं असतं, पुन्हा पेपरमागे जाऊन बसले."

"संशय काही जायचा नाही माझा," भाऊजी म्हणाले. "हाडात गेलाय. पण तू ये. तो असू दे इथं एका बाजूला, तू ये."

"बॅग घेऊन?"

"घेऊन ये."

"तपासाल."

"आधी आत तर ये."

"काकू आहे का तिथं?"

"आहे रे," मी म्हटलं. "आणि डोळ्यांत तेल घालून आहे."

"मग ठीक. बाबा, अजून एक डाव. या वेळी पाठ करून उभे राहिलात तर बघा. मला दया केलेली चालत नाही."

त्या दुपारी त्यांनी अंधार पडेपर्यंत डाव खेळले. भाऊजींनी एकदाही पाठ फिरवली नाही. बहुतेक वेळा विझव्या पकडला गेला, कारण दिवे विझवायचं काही सोडेना.

महिन्याभरानं तो आला. दारात उभा राहिला, बॅग पुढे केली आणि म्हणाला, "घ्या." भाऊजींनी बॅग घेतली, आत आणली, कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवली आणि चेनला हात लावला नाही. मी अगदी बघत होते. जेवायला बसलो तेव्हा मात्र ते रोजच्या जागेवर, दाराकडे तोंड करून बसले नाहीत. स्टुलाकडे तोंड करून बसले. पाठीमागे दार आलं, आयुष्यात पहिल्यांदा.

विझव्यानं ते पाहिलं. "नजर बॅगेवरच आहे हो तुमची."

"मी जेवतोय," भाऊजी म्हणाले.

"काय जेवताय सांगा बरं, न बघता?"

भाऊजींना सांगता आलं नाही. आम्ही तिघंही हसलो आणि मी वाढायला उठले. तेवढ्यात विझव्याच्या फोनवर बातमी आली: खेळाची तारीख पुन्हा पुढे गेली होती, आणि यावेळी कंपनीनं कारणही दिलं नव्हतं.

"लपवतायत काहीतरी," बाप म्हणाला.

"शंभर टक्के," मुलगा म्हणाला, आणि ते दोघं एका फोनवर वाकून ती बातमी ओळ ओळ करत तपासायला लागले.

घड्याळ कुठं गेलं ते आम्हाला आजही माहीत नाही. विझव्या रात्री झोपायला गेला तेव्हा त्यानं जाता जाता आमच्या डोक्यावरचा दिवा विझवला, आणि भाऊजी अंधारात बसून म्हणाले, "बघितलंत, वहिनी? हा तोच आहे."